अळणी रश्श्याची सोयरीक

आमच्या गावच्या वाचनालयाची माणसं मागं लागली, आबा, तुम्ही सिंगापूर बघून आलात, चार पानं लिहून द्या, न गेलेल्यांना कळेल तरी. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं गुऱ्हाळावर गेलो आणि सगळा जन्म चुलवाणापुढं काढला. पण लिहितो म्हटलं. अक्षर माझंच आहे. शुद्धलेखन चुलतभावाच्या सुनेनं बघितलं, ती शाळेत शिकवते. तिनं शुद्धलेखनाबरोबर माझी काही वाक्यंही सुधारली होती. ती मी परत होती तशी केली.

विमानाबद्दल लिहिणार नाही. बसलो आणि उतरलो.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नोटाबंदीच्या आदल्या वर्षी मी सिंगापूरला गेलो तो शहर बघायला नव्हे. मी सोयरीक मोडायला गेलो होतो.

झालं असं. माझा थोरला मुलगा विलास तिकडं आंग मो किओ नावाच्या भागात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहे. बरीच वर्षं झाली, आता तो तिथलाच झालाय. सून स्मिता पुण्याची. त्यांची एकुलती एक मुलगी ऋतुजा. लहानपणी दर मे महिन्यात ती माझ्याकडं असायची. गुऱ्हाळाचा हंगाम तेव्हा संपलेला असायचा, तरी रिकाम्या काहिलीत बसून गूळ करायचा खेळ खेळायची आणि मला गिऱ्हाईक करायची. त्या पोरीनं लग्नासाठी मुलगा बघितला तो नॉर्वेचा. एस्पेन त्याचं नाव, जहाजांच्या इंजिनांचं काम करतो.

विलासनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी विचारलं, नॉर्वे कुठं आलं? तो म्हणाला, नकाशात सगळ्यात वर, जिथं सहा-सहा महिने बर्फ असतो. मी म्हटलं, नाही जमायचं. तेवढ्यात फोन ऋतुजानं घेतला.

"आबा, फोनवर नाही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "इथं या, एस्पेनला बघा, त्याच्या आईला भेटा, त्यांच्या घरी या. मग समोर बसून नाही म्हणा. तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही. प्रॉमिस."

आता ही पोरगी माझीच नात. शब्द दिला म्हणजे दिला, हे मला माहीत. विलासही म्हणाला, आबा म्हणतील ते. म्हणजे सगळं ओझं माझ्या डोक्यावर आलं. जाणं भाग पडलं.

माझा राग गोऱ्या रंगावर नव्हता, उगाच कुणी तसं समजू नये. मला एवढंच वाटत होतं, की उद्या हिला पोर झालं तर ते माझ्याशी भांडणार कुठल्या भाषेत? विलासशी मी मराठीत भांडतो. ऋतुजाशी अर्धं भांडण मराठीत होतं, अर्धं तिच्या इंग्रजीत जातं. पुढच्या पिढीत भांडणच राहणार नाही. आणि ज्याच्याशी भांडता येत नाही तो आपला कसला?

मोडायचं कसं, तेही ठरलेलं होतं. आमच्याकडं रीत आहे. मुलीकडची माणसं मुलाच्या घरी जातात तेव्हा चहा घेतात, पोहे घेतात, सुपारी घेतात. ताटावर बसत नाहीत. ताटावर बसून जेवलात म्हणजे सोयरीक झाली, मग माघार नाही. आणि नको असेल तर ताट समोर आलं की हात जोडायचे, ताट बोटानं थोडं पुढं सारायचं आणि उठायचं. शब्द बोलावा लागत नाही. माझ्या आजोबांनी माझ्या आत्याची सोयरीक अशीच मोडली होती. समोरची माणसं त्या ताटाकडं बघत राहिली, भांडायला जागाच नव्हती. हे विलासला माहीत होतं. बाकी कुणाला सांगायची मला गरज वाटली नाही.

वुडलँड्स

विलासचा फ्लॅट वुडलँड्सला. खिडकीतून पाण्यापलीकडं मलेशिया दिसतो. इमारती एकसारख्या, नंबर घातलेल्या. पहिल्याच सकाळी मी खाली उतरून फिरून आलो, लिफ्टनं वर गेलो आणि आपलं म्हणून शेजारच्या इमारतीतल्या एका मलायी बाईच्या घरासमोर चपला काढल्या. तिनं दार उघडलं, मला बघितलं, चपला बघितल्या आणि पाणी आणून दिलं. मी पाणी पिऊन स्मिताची वाट बघत बसलो. मग लक्षात आलं, की भिंतीवरचा फोटो मक्केचा आहे, आपल्या देवाचा नव्हे. पण त्या बाईनं एका शब्दानं विचारलं नाही, की म्हातारबुवा तुम्ही कोण. हे मला आवडलं. आमच्याकडं आधी गाव विचारतात, मग पाणी देतात.

इमारतीच्या खाली नुसते खांब, भिंती नाहीत. तिथं गार वारा लागतो म्हणून चिनी म्हातारे दगडी टेबलावर गोल सोंगट्यांचा डाव मांडून बसतात. एकानं मला खुणेनं बोलावलं. डाव मला येत नव्हता, पण बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. मी एक सोंगटी उचलून मला योग्य वाटलं तिथं ठेवली. त्यानं ती परत जागेवर ठेवली. मी पुन्हा ठेवली. असं रोज चालायचं. त्याला मराठी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हतं, तरी आमचं भांडण अगदी व्यवस्थित होत होतं. हे मी विलासला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग आबा, भाषेचा प्रश्न मिटला की. मी म्हटलं, तुला फार कळतं.

खाण्याचं म्हणाल तर तिथं घरात स्वयंपाक करणारे कमी. मोठ्या छपराखाली खाण्याची दुकानं असतात, हॉकर सेंटर म्हणतात, सगळं गाव तिथंच जेवतं. ऋतुजा मला घेऊन गेली. बघतो तर धडधाकट माणसं, हमाली करणारी, कपाळावर घाम आलेली, वाडग्यातून पांढरं पाणी पितायत. त्यात दोन हाडकं, दोन पानं. मला वाटलं, या गावात साथ आलीय की काय. आमच्याकडं असलं पाणी बाळंतिणीला देतात, नाहीतर तापातून उठलेल्याला.

ऋतुजाला विचारलं, तर म्हणाली, "आबा, दॅट इज द मील ला." ती 'ला' सगळ्याच्या शेवटी लावते.

मी म्हटलं, हे जेवण नव्हे, ही जेवणाची सुरुवात आहे. यांना पुढचं वाढायला कुणी आलं नाही म्हणून बिचारी उठून जातात. ती हसली. मी हसलो नव्हतो.

टेक्का बाजार

एस्पेनची आई नॉर्वेहून आली होती, सिग्रिडबाई. विधवा आहे, मेंढ्या पाळायची, आता गुडघ्यामुळं सोडल्या. रविवारी आम्हा सगळ्यांना एस्पेनच्या घरी बोलावलं होतं आणि ती स्वतः रांधणार होती. त्यासाठी मटण हवं, तर ऋतुजा म्हणाली, आबांइतकं मटण कुणाला कळणार? आम्हा दोघांना तिनं शनिवारी लिटिल इंडियाला नेलं.

लिटिल इंडिया म्हणजे आपल्याकडच्या बाजारासारखंच आहे, फक्त गटारं झाकलेली आहेत. फुलांच्या माळा, मिठाया, रात्रंदिवस उघडं असणारं एक भलं मोठं दुकान. त्या दुकानात मी गुळाची ढेप बघितली. पिवळीधमक. नखानं टोकरून जिभेवर ठेवली आणि दुकानातल्या तमिळ पोऱ्याला माझ्या हिंदीत सांगितलं, की यात पावडर मारलीय, गुळाचा खरा रंग असा नसतो. तो म्हणाला, अंकल, लेना है? मी म्हटलं, लेना नहीं है, समझना है. मागं माणसांची रांग लागली. ऋतुजानं ती टोकरलेली ढेप विकत घेतली आणि मला बाहेर आणलं.

बाहेर सिग्रिडबाई उभी होती. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. नमस्कार केला तर तिनं माझा हात धरून असा दाबला, की मला गुऱ्हाळावरच्या आमच्या जुन्या गड्याची आठवण झाली.

टेक्का बाजारात मटणाच्या दुकानांची ओळ आहे. मी एक मांडी दाखवली. तिनं मान हलवली आणि खांद्याचा तुकडा उचलला, नाकाजवळ नेला, अंगठ्यानं दाबला. मी बघत राहिलो. खांदाच बरोबर होता. रश्श्याला खांदाच लागतो, मांडी कोरडी पडते. मी मांडी का दाखवली? तर तिला कळतं का ते बघायला. असं मी ऋतुजाला सांगितलं.

मग तिनं हाडं वेगळी मागून घेतली आणि थोडं मटण खिम्याला दिलं. ऋतुजा म्हणाली, त्यांच्या मूळ रीतीत गोळे गाईच्या मांसाचे करतात, पण आपल्यासाठी ती सगळं बकऱ्याचंच करणार आहे. हे मला बरं वाटलं, पण मी तोंडावर दाखवलं नाही.

पुढं ती भाजीच्या गाळ्यावर गेली. बटाटे, गाजरं. मसाल्याच्या दुकानात आलं, मिरी आणि जायफळ. संपलं. मी वाट बघत होतो, की आता लाल मिरची घेईल, खोबरं घेईल, तीळ घेईल. तिनं पिशवी उचलली आणि निघाली.

"मसाला?" मी ऋतुजाला विचारलं.

तिनं त्या बाईला विचारलं. बाईनं जायफळ वर करून दाखवलं.

मी मनात म्हटलं, शहाणी बाई आहे, मसाला गावाकडून करून आणला असेल, माझी सूनही पुण्याचा मसाला डब्यात घालून आणते. परक्या माणसापुढं कोण आपला मसाला उघडा करतो?

रविवार

एस्पेनचं घर समुद्राच्या बाजूला, मोठ्या कॉन्डोमध्ये. जाताना गाडीत ऋतुजा माझ्याशेजारी बसली. नखं खात होती. म्हणाली, "आबा, जेवण झालं की तुम्ही बोलायचं हां. त्यांच्यात तशी रीत आहे, मोठा पाहुणा बोलतो."

मी म्हटलं, जेवण वाढलं की काय करायचं ते मी करणारच आहे. पुढच्या सीटवरून विलासनं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं बघायला लागला.

एस्पेन दारात उभा होता. पोरगा ताडमाड, कान लाल. त्यानं हात जोडून नमस्कार केला तो इतका खाली वाकून, की त्याचं डोकं माझ्या पोटाला लागलं. मला मराठी एकच वाक्य येतं, असं त्यानं इंग्रजीत सांगितलं, स्मितानं शिकवलेलं. मी म्हटलं, बोल. तो म्हणाला, आत्ता नाही, वेळ आली की.

टेबलावर सिग्रिडबाईनं मला आपल्या डाव्या हाताला बसवलं. तीच मानाची जागा असं ऋतुजानं कानात सांगितलं. समोर विलास, त्याच्या बाजूला स्मिता, मग दोघं पोरं. टेबलावर मधोमध एका भांड्यात उकडलेले बटाटे, दुसऱ्यात उकडलेल्या गाजराच्या फोडी. पापडासारखी पातळ कुरकुरीत भाकरी. आल्याचं गोड पेय. मी सगळं नजरेखालून घातलं. बटाटे वेगळे, गाजरं वेगळी, म्हणजे फोडणीचं सामान तयार करून ठेवलंय. अजून एकत्र व्हायचंय. वेळ आहे.

मग तिनं मोठं पातेलं आणून वाडग्यात वाढलं.

आता हे मी खरं सांगतो, कारण खोटं लिहायचं मला कारण नाही. तो रस इतका स्वच्छ होता, की वाडग्याचा तळ दिसत होता. गुळव्या माणसाला कळतं त्यातलं. काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर येते, ती ज्याला झाऱ्यानं शेवटच्या फेसापर्यंत काढता येते तोच खरा गुळव्या. या बाईनं मटणाचा फेस तसा काढला होता. आत मटणाचे बारीक तुकडे आणि सुपारीएवढे खिम्याचे गोळे. सिग्रिडबाई बोलली, एस्पेननं त्याचं इंग्रजी केलं, ऋतुजानं मराठी. याला सोड म्हणतात, त्यांच्या भागात हे लग्नाला करतातच, याच्याशिवाय लग्न नाही.

मी मान डोलावली. आमच्याकडंही लग्नात असंच. मटणाचं ताट यायच्या आधी अळणी रस्सा, म्हणजे मटणाचं बिनमसाल्याचं पाणी, वाटीत देतात. ओठ ओले करायला, भूक उघडायला. त्यानंतर तांबडा रस्सा, सुकं मटण, भाकरी असं ताट येतं. अळणी प्यालं म्हणजे जेवलं असं कुणी म्हणत नाही, ते चहासारखंच. तेव्हा मी निर्धास्त वाडगा तोंडाला लावला.

मीठ बेताचं. आल्याचा वास, पाठीमागून जायफळ. मला आवडलं. मी दुसरा वाडगा मागितला.

विलासला ठसका लागला. स्मितानं त्याच्या पाठीवर थोपटलं.

दुसऱ्या वाडग्याला सगळ्यांनी त्यात बटाटे आणि गाजरं घालून घेतली, म्हणून मीही घेतली. भाकरीचे तुकडे मोडून घातले. गोळे मऊ होते, दातांना काम नव्हतं. वाडगा संपतो न संपतो तोच एस्पेन उठला, पळी घेऊन माझ्यापाशी आला, मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला,

"आबा, अजून घ्या."

हेच ते वाक्य. उच्चार असा, की पळी नसती तर कळलं नसतं. पण आग्रहाला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही, आणि शेवटी अळणीच तर होतं. तिसरा वाडगा घेतला. तोही संपवला. ढेकर आली ती मी दाबली, कारण मुख्य ताट यायचं होतं.

सिग्रिडबाईनं वाडगे गोळा केले, आत नेले. आत पाणी सुटल्याचा आवाज आला, भांडी वाजली. मग ती परत आली आणि प्रत्येकापुढं एक बशी मांडली, छोटी, पांढरी, रिकामी. आणि बसली. एप्रन काढून मांडीवर घडी घातली आणि माझ्याकडं बघून हसली.

मी सावरून बसलो. ताट अगदीच लहान होतं, पण ताट ते ताट. आता यावर रस्सा-मटण पडलं की हात जोडायचे आणि पुढं सारायचं. मी बोटं मोकळी करून ठेवली.

काही आलं नाही.

मी बशीकडं बघत होतो, बाकी सगळे माझ्याकडं. रिकामी बशी सारून काही अर्थ नव्हता. रिकामं ताट सारलं तर लोक समजतील, म्हातारा टेबल आवरतोय.

आधी थोडं बोलणं चाललं. सिग्रिडबाईनं मेंढ्यांचं सांगितलं, मी गुऱ्हाळाचं सांगितलं, पोरांनी इकडचं तिकडं केलं. मग बोलणं संपलं. माझ्या घशात कफ आला, मी खाकरलो, तर सगळी मंडळी ताठ बसली. सिग्रिडबाईनं हात मांडीवर जोडले. एस्पेननं ऋतुजाचा हात धरला. मी नुसता खाकरून गप्प बसलो, तेव्हा सगळी पुन्हा सैल झाली.

बाहेर आभाळ काळं झालं, धो धो पाऊस पडला, थांबला, ऊन आलं, ते टेबलावर सरकत सरकत विलासच्या हातापर्यंत आलं. आत स्वयंपाकघरात कसलंसं यंत्र मधून मधून टीं टीं करत होतं, त्याकडं कुणी जात नव्हतं. स्मिता बसल्या बसल्या डुलकी घेऊन उठली आणि सॉरी म्हणाली. एस्पेनचे कान आता जांभळे झाले होते, त्याचा एक पाय टेबलाखाली हलत होता. पण तो जागचा उठला नाही. हे मी बघून ठेवलं. आमच्या गावचे जावई पंगतीत शेवटचा भात यायच्या आत हात धुवायला पळतात. हा पोरगा मोठी माणसं बसलीयत म्हणून बसून होता.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांना कुणीतरी आमची रीत सांगितली होती. विलासनंच फोडलं असणार. ताट आलं तर म्हातारा सारणार, म्हणून ही बाई ताटच आणत नाही. ताट नाही तर मोडता येत नाही. रस्सा आत झाकून ठेवलाय आणि बाहेर हसत बसलीय. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मला त्या बाईचं कौतुक वाटलं. असं डोकं आमच्या तालुक्यात कुणाला नाही. मी मनात म्हटलं, बाई, तू मेंढ्यांमागं बसलीस, मी चुलवाणापुढं बसलोय. बघू कोण आधी उठतं.

अशी आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसत बसलो. खूप वेळ.

उठलो तो मीच, पण हरलो म्हणून नव्हे. तीन वाडगे पाणी पोटात होतं. मी उठलो तशी सगळी अर्धी उठली. मी काही न बोलता आत निघालो, तशी सगळी परत बसली. न्हाणीघरातून येताना स्वयंपाकघरात डोकावलो. म्हटलं, रस्सा किती केलाय ते तरी बघू.

पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलं होतं.

चूल पुसलेली. फोडणीचा वास नाही, तेलाचा ठिपका नाही. एका बाजूला केक झाकून ठेवलेला, कपबशा मांडलेल्या, आणि कॉफीचं यंत्र टीं टीं करत होतं. स्मिता माझ्या मागं आली होती.

"काही हवंय का आबा?"

"रस्सा कुठाय?"

"कुठला रस्सा?"

"तांबडा. मटणाचा. ताट."

पुण्याची असली तरी माझ्याशी ती नीट बोलते. हळू आवाजात म्हणाली, "आबा, जेवण तेच होतं. तीन वाडगे झाले तुमचे. आता सगळे थांबलेत, तुम्ही दोन शब्द बोललात की मग उठायचं आणि कॉफी. त्यांच्यात पाहुणा बोलल्याशिवाय कुणी उठत नाही. ऋतुजा बोलली होती ना तुम्हाला?"

मी त्या पालथ्या पातेल्यासमोर उभा राहिलो. मटण खाल्लं होतं. बटाटे खाल्ले होते. गाजरं, भाकरी, गोळे. मागून घेऊन खाल्लं होतं, आग्रहानं खाल्लं होतं. माझ्या आजोबांनी बघितलं असतं तर ते काय म्हणाले असते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तसं म्हटलं तर वाट मोकळी होती. त्या मायलेकांना आमची रीत ठाऊक नव्हती, हे आता मला कळलं होतं. बाहेर जाऊन तोंडानं नाही म्हटलं असतं तर कुणी मला धरलं नसतं. पण ज्याच्या घरी पोट फुगेपर्यंत जेवलो त्याच्या तोंडावर नाही म्हणायला माझी जीभ वळेना. आणि कारण तरी काय सांगणार? की मी जेवलो, पण मी जेवतोय हे मला कळलं नाही? शेंबड्या पोराला कळतं आपण जेवलो ते. मला कळलं नाही, असं मी त्या बाईपुढं, माझ्या मुलापुढं, सुनेपुढं कबूल करणार? त्यापेक्षा नॉर्वे परवडलं.

आणि तो पोरगा जांभळे कान घेऊन अजून बसलेला होता.

मी बाहेर गेलो. खुर्चीमागं उभा राहिलो. टोपी सरळ केली, हात जोडले आणि म्हणालो,

"जेवण झालं."

ऋतुजानं ते इंग्रजीत सांगितलं. सिग्रिडबाई थोडी थांबली, अजून काही येतंय का ते बघत. मग उभी राहिली, माझे जोडलेले हात आपल्या हातात घेऊन दाबले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"त्या म्हणतायत, अंगी लागो," ऋतुजानं सांगितलं.

खुर्च्या सरकल्या. एस्पेन उठला तो सरळ न्हाणीघराकडं पळाला. सोयरीक झाल्यावर मुलीच्या आजोबाच्या पाया पडायचं असतं, पण त्याची अडचण मोठी होती. परत आला तेव्हा त्याचे कान जागेवर आले होते.

ऋतुजा मात्र उभीच होती. म्हणाली, "आबा, पण तुम्ही काय ठरवलं? यू ओन्ली सेड जेवण झालं."

मी म्हटलं, सांगितलं की. तिला कळेना. तेव्हा विलासनं चष्मा काढून पुसला आणि आमची रीत तिला समजावून सांगितली. दोन वाक्यांत. ती ऐकत होती आणि तिचे डोळे भरत होते, आणि मध्येच ती हसायला लागली. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. मग मागं होऊन, नाक पुसत विचारलं,

"आबा, तुम्हाला माहीत नव्हतं ना ते जेवण आहे?"

"मला सगळं माहीत होतं," मी म्हटलं.

कॉफी झाली, केक झाला. सिग्रिडबाईनं विचारलं, सोड कसं झालं होतं. मी खरं ते सांगितलं. रस चांगला, मळी उत्तम काढलेली, पण हे लग्नात आधी वाढायचं, जेवण म्हणून नव्हे. नंतर माझा तांबडा रस्सा. ती म्हणाली, नाही, लग्नाचं जेवण हेच, आधी काही खायचं असेल तर तुमचं ते लाल सूप आधी घ्या. मी म्हटलं, तांबडा आधी घेतलास बाई तर पुढचं काही जिभेला कळणार नाही. पोरं भाषांतर करता करता दमली आणि गॅलरीत निघून गेली. आम्ही तरीही बोलत राहिलो, ती तिच्या भाषेत, मी माझ्या.

खाली जाताना लिफ्टमध्ये मी आणि विलासच होतो. त्यानं मजल्यांच्या आकड्यांकडं बघत म्हटलं,

"आबा, पहिल्या वाडग्यालाच मी सांगणार होतो."

"मग का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दुसरा मागितलात."

त्याचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

परत

पुढच्या आठवड्यात मी निघालो. खालच्या चिनी म्हाताऱ्याचा निरोप घ्यायला गेलो, तर त्यानं डाव मांडून ठेवला होता. मी सोंगटी ठेवली, त्यानं ती उचलून परत ठेवली, मी उठलो. बाकी सिंगापूरबद्दल सांगायचं तर शहर स्वच्छ आहे, पाणी नळाचंच पितात, आणि चपला बाहेर काढायची रीत तिथंही आहे.

गावात एसटीतून उतरलो तो दिवस बाजाराचा होता. चहाच्या टपरीवर नेहमीची मंडळी बसली होती. मी कशासाठी गेलो होतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाबू न्हाव्यानं जागा करून दिली, चहा सांगितला आणि विचारलं,

"काय आबा, मोडून आला का?"

"जेवून आलो," मी म्हटलं.

बाबूनं मान हलवली आणि टपरीवाल्याला म्हणाला, चहा सगळ्यांना दे, आबांच्या नातीचं ठरलं.